ठाऊक असलेल्या दोषाची धास्ती

जर्मनीतील स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझन उपनगरात जन्मलेली पोर्शे 911 ही गाडी 1963 साली जगापुढे आली, तेव्हापासून तीन दशकांहून अधिक काळ तिचे इंजिन हवेने थंड होत असे. परंतु नव्वदीच्या आरंभी कंपनीची सांपत्तिक स्थिती खालावली, जपानी सल्लागारांना पाचारण करून कारखान्याची घडी नव्याने बसवावी लागली, आणि 1996 सालच्या बॉक्स्टरला व तिच्यापाठोपाठ आलेल्या 996 या नव्या 911ला पाण्याने थंड होणारे, एकाच घराण्यातले सहा सिलिंडरचे इंजिन देण्यात आले. या गाड्यांनी कंपनीला तारले, यात शंका नाही. पण त्याच इंजिनाच्या पोटातील एका लहानशा बेअरिंगने जगभरच्या मालकांच्या जिवाला जो घोर लावला, तो आजही पुरता उतरलेला नाही.

क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत पोहोचवण्यासाठी या इंजिनात मध्ये एक दांडा असतो. त्याला इंटरमिजिएट शाफ्ट म्हणतात. त्याचे फ्लायव्हीलकडील टोक ज्या बेअरिंगवर फिरते, ते कारखान्यातच ग्रीस भरून सीलबंद केलेले असते. हेतू चांगला होता. परंतु कालांतराने सील झिजते, इंजिनातील तापलेले तेल आत झिरपून ग्रीस धुऊन नेते, आणि अर्धवट शाबूत राहिलेले तेच सील ताज्या तेलाचा ओघ मात्र अडवून धरते. छर्रे मळलेल्या तेलातच फिरत राहतात, त्यांच्या वाटेवर खड्डे पडतात, आणि एखाद्या दिवशी बेअरिंग फुटले की दांडा डळमळतो, साखळीचा मेळ चुकतो, व्हॉल्व पिस्टनवर आदळतात व क्षणार्धात संपूर्ण इंजिन निकामी होते.

सुरुवातीच्या गाड्यांत छर्ऱ्यांच्या दोन रांगा होत्या. 2000च्या सुमारास एकेरी रांगेचे बेअरिंग आले आणि तक्रारी वाढल्या. अमेरिकेतील मालकांनी सामुदायिक दावा दाखल केला, 2013 साली तडजोड झाली, आणि 2001 ते 2005 या काळात बनलेल्या ठराविक गाड्यांच्या मालकांना नुकसानभरपाई मागण्याचा हक्क मिळाला. त्या निमित्ताने एकेरी रांगेबाबत चर्चेत आलेला बिघाडाचा आकडा शेकडा 8च्या आसपासचा होता, म्हणजे बहुसंख्य गाड्या बिनघोर धावल्या. परंतु ज्याच्या दारात एकच गाडी उभी आहे, त्याला शेकडेवारीने कोणता दिलासा मिळणार? आपली गाडी त्या आठांतली की उरलेल्या ब्याण्णवांतली, याचा दाखला कोणत्याही दफ्तरात मिळत नाही.

या अनिश्चिततेपायी मालक गाडी जपू लागतो. ती आच्छादनाखाली उभी राहते, बाहेर पडलीच तर जवळच्या फेरीपुरती. मला हे फार घातक वाटते, आणि ही इंजिने उघडून पाहणाऱ्या अनेक कारागिरांचा अनुभवही तसाच आहे. जवळच्या फेरीत तेल पुरेसे तापत नाही, त्यातील ओलावा व कच्चे पेट्रोल उडून जात नाही, आणि असे बिघडलेले तेलच सीलमागे साचून बसते. गाडी नियमाने चालवावी, इंजिन पुरते तापल्यावर मोकळेपणाने पळवावी, आणि तेल नेमून दिलेल्या मुदतीच्या पुष्कळ आधी बदलावे.

तेल बदलताना मालकाने स्वतः हजर राहावे. जुन्या फिल्टरचा कागद कापून पांढऱ्या फडक्यावर पसरावा आणि स्वच्छ उजेडात त्याची एकेक घडी उघडून पाहावी. चकाकणारा कण दिसला तर लोहचुंबक जवळ न्यावा. ॲल्युमिनियम जागचे हलत नाही, बेअरिंगचे पोलाद मात्र चटकन येऊन चिकटते. तपकिरी प्लास्टिकचा तुकडा बहुधा साखळीखालच्या पट्टीचा असतो. पोलादाचे कण सापडले, तर इंजिन पुन्हा सुरू न करता गाडी ओढूनच गॅरेजात न्यावी.

क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवलाच असेल, तर त्याच मजुरीत बेअरिंगही बदलून घेणे इष्ट. पुढे 2006च्या सुमारास बसवलेले मोठे बेअरिंग अधिक टिकाऊ ठरले, पण इंजिन दुभंगल्याशिवाय ते बाहेर निघत नाही. पोर्शेचे अभियंते हान्स मेत्सगर यांच्या परंपरेतील इंजिन असलेल्या त्याच काळातल्या टर्बो व जीटी3 या गाड्यांना ही व्याधी नाही, आणि 2009च्या मॉडेलपासूनच्या नव्या इंजिनातून तर तो दांडाच वगळला गेला. मधल्या वर्षांच्या गाड्या मात्र आजही हातोहात फिरत आहेत. त्यांपैकी एखादी घेणाऱ्याने रंगाची झळाळी पाहण्याआधी बेअरिंग बदलल्याची पावती मागावी, आणि ती नसेल तर त्या कामाचा खर्च किमतीतून वजा करूनच व्यवहाराला बसावे.