कोरीकांचा : सूर्यमंदिराच्या भिंतींवर उभा मठ

कुस्को शहरातल्या आवेनिदा एल सोल या रस्त्यावरून वर पाहिलं की हिरवळीपलीकडे एकावर एक अशी दोन बांधकामं दिसतात. खाली करड्या दगडाची, बाकदार, सुमारे सहा मीटर उंचीची भिंत आणि तिच्या वर सांतो दोमिंगो या डॉमिनिकन मठाचं चर्च. भिंत इंकांची, चर्च स्पॅनिशांचं. सेवाकार्यासाठी पेरूत आलेल्या आमच्यासारख्या ख्रिस्ती मंडळींना इथून नुसते फोटो काढून पुढे जाता येत नाही.

समुद्रसपाटीपासून ३,४०० मीटर उंचीवरची ही इंकांची राजधानी आणि कोरीकांचा हे तिथलं मुख्य देवस्थान. पंधराव्या शतकात पाचाकुती राजाने ते नव्याने उभारलं. सूर्यदेव इंतीचं ठाणं इथे होतं. चंद्र, तारे आणि मेघगर्जनेचा देव इल्यापा यांचीही पूजा इथे होई. कोरीकांचापासून चहूदिशांना पवित्र रेषा कल्पिलेल्या होत्या आणि त्यांवर झरे, खडक, डोंगर अशी तीनशेहून अधिक पूजास्थानं होती. आसपासची सगळी भूमीच इंकांनी देवाची मानली होती.

मठाच्या अंगणाभोवती जुनी दालनं अजून उभी आहेत. दारं आणि कोनाडे खाली रुंद, वर निमुळते. भिंती वर जाताना किंचित आत कललेल्या. दगडांमध्ये चुना नाही की माती नाही. एकेक दगड शेजारच्या दगडाला घासून असा बसवलाय की सांधा शोधायला डोळे भिंतीजवळ न्यावे लागतात. १६५० आणि १९५०च्या भूकंपांत मठाची मोठी पडझड झाली; या भिंती मात्र टिकल्या. १९५०नंतरच्या दुरुस्तीत तर मठाच्या बांधकामाखाली दडलेल्या आणखी भिंती उजेडात आल्या.

या भिंतींवर एकेकाळी सोन्याचे पत्रे होते. ते कसे गेले, ते वाचणं आम्हां ख्रिस्ती लोकांना जड जातं. नोव्हेंबर १५३२मध्ये काहामार्कात डॉमिनिकन धर्मगुरू व्हिसेंते दे वाल्व्हेर्दे यांनी इंका सम्राट अताहुआल्पाच्या हाती धर्मग्रंथ दिला. त्याने तो खाली टाकला आणि स्पॅनिश तुटून पडले; अताहुआल्पा कैद झाला. सम्राटाच्या सुटकेसाठी सोनं गोळा होऊ लागलं तेव्हा स्पॅनिशांची माणसं कुस्कोत आली. स्थानिकांनी देवळाला हात लावायला नकार दिला, म्हणून त्यांनी स्वतःच तांब्याच्या पहारींनी पत्रे उचकटले. खंडणी मिळूनही पुढच्या वर्षी अताहुआल्पाला मारलं. मरण्याआधी त्याने बाप्तिस्मा घेतला, म्हणून जिवंत जाळण्याऐवजी गळा आवळला. ज्या संस्काराला आपण नवा जन्म म्हणतो, तो इथे मरणाची रीत बदलून घेण्यापुरता उरला. याला सुवार्ताप्रसार म्हणायला माझी जीभ धजत नाही.

पण इंकांचा धर्म निव्वळ निसर्गपूजेचा होता, असं म्हणणंही खरं नाही. १९९९मध्ये अर्जेंटिनातल्या युल्याइयाको ज्वालामुखीच्या माथ्यावर, ६,७०० मीटरहून अधिक उंचीवर, तीन मुलांची गोठलेली शरीरं सापडली. देवांना अर्पण केलेली मुलं होती ती. ख्रिस्ताने सर्वांसाठी एकदाच स्वतःला अर्पण केलं, असं मानणाऱ्या माणसाला या मुलांपुढे गप्प बसता येत नाही. यापुढे कुणाचं मूल डोंगरावर न्यायला नको, हेच तर शुभवर्तमान इथे पोहोचायला हवं होतं; पोहोचल्या त्या आधी पहारी.

तरी सगळे धर्मगुरू वाल्व्हेर्देसारखे नव्हते. त्याच डॉमिनिकन संघातल्या दोमिंगो दे सांतो तोमास यांनी १५६०मध्ये इंकांच्या केचुआ भाषेचं पहिलं छापील व्याकरण आणि शब्दकोश प्रसिद्ध केला. पोतोसीच्या खाणीत राबणाऱ्या स्थानिकांची दैना त्यांनी राजदरबाराला कळवली. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि ओवीत आणली, त्यामुळे परक्या भाषेतून आलेली श्रद्धा मायबोलीत कशी रुजते हे आम्ही मराठी ख्रिस्ती अनुभवाने जाणतो. म्हणून मला दोमिंगो यांच्याविषयी विशेष ओढ वाटते. लोकांचं बोलणं आधी ऐकायचं, मग आपलं सांगायचं, ही वाट त्या काळातही मोकळी होती.

कोरीकांचा पाहायला २४ जूनचा दिवस निवडला तर १९४४पासून नव्याने सुरू झालेल्या इंती रायमी या सूर्योत्सवाचा आरंभ याच ठिकाणी बघायला मिळतो. गर्दी मात्र फार असते. हाताशी आणखी एक दिवस असेल तर कुस्कोच्या आग्नेयेला आंदावाइलियास गावी जरूर जावं. इथले धर्मगुरू हुआन पेरेझ बोकानेग्रा यांच्या १६३१च्या ग्रंथात एक केचुआ स्तोत्र स्वरलिपीसह छापलेलं आहे. अमेरिका खंडात छापलेली ती पहिली बहुस्वरी गानरचना. गावच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या खोलीच्या दारावर पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाचं वचन पाच भाषांत रंगवलं आहे : लॅटिन, स्पॅनिश, केचुआ, आयमारा आणि आता कुणीच बोलत नाही ती पुकिना.