पंगतीत कोण बसणार?

किर्लोस्करवाडीच्या स्टेशनावर गाडीत बसलं की एका दिशेला सातारा, दुसऱ्या दिशेला मिरज. आम्हा पलूसकरांना मिरज ठाऊक आहे ती दवाखान्यांमुळे. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये तिथं मिशनचा दवाखाना उघडला. साताऱ्याला मात्र ख्रिस्ती धर्मातला एक मोठा प्रयोग झाला, आणि तो आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही.

तो समजायला आधी अंत्युखियाला जावं लागतं. हे प्राचीन सीरियातलं शहर. येशूच्या अनुयायांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा इथंच मिळालं. यहूदी आणि परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले, अनुयायी इथं एकत्र जेवत, आणि येशूचा शिष्य पेत्रही त्यांच्यात बसे. मग यरुशलेमहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आली आणि पेत्र बिचकून परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला. त्याचं पाहून बाकीचे यहूदी उठले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा उठला. तेव्हा प्रेषित पौलानं सर्वांदेखत पेत्राला जाब विचारला. आपल्याकडे याला पंक्तिभेद म्हणतात. आपल्याला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पौलानं हा प्रसंग गलतीया प्रांतातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रातून कळवला, पण पेत्र परत येऊन बसला की नाही, ते लिहिलं नाही.

त्याआधी यरुशलेमातही कुरबूर झालीच होती. रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावललं जातं, अशी ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांची तक्रार होती. तेव्हा वाटपासाठी सात जण निवडले, आणि सातांचीही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, वाटप त्यांच्याच हाती देण्याचा हा शहाणपणा मला फार मोलाचा वाटतो.

आता आपल्याकडे येऊ. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि नवऱ्याकडे परतल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं. जातिभेद देवानं केलेला नाही, माणसानं केला, हे मनाला पटल्यावरच त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हा क्रम विसरता येत नाही: आधी पंगत, मग बाप्तिस्मा.

टिळकांना आणखी एक भिंत टोचत होती. मराठी माणूस ख्रिस्ती झाला की त्यानं आपली भजनं, कीर्तनं, भाषेची लय सोडायची, हे त्यांना मान्य नव्हतं. म्हणून त्यांनी अभंग-ओव्यांतून ख्रिस्त गायला. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून ते साताऱ्याला आले आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघंही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसू शकत. सुंता न करता परराष्ट्रीयाला आत घ्यायचं की नाही, यावर यरुशलेमात इ.स. 49 च्या सुमारास सभा भरली होती. टिळकांनी तोच प्रश्न बाप्तिस्म्याला लावला. दोन वर्षांत, 1919 मध्ये, ते गेले, आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही.

पंगतीचा प्रश्न मात्र उरलाच. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत बरीच माणसं महार-मांग वस्त्यांतून आलेली. चर्चमध्ये ती बांधव झाली, गावच्या पाणवठ्यावर मात्र जुनीच जात राहिली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेला दलित त्या यादीत आजही नाही.