तळ्याकाठची वाट

बीड जिल्ह्याचे नाव काढले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उन्हाने भाजलेले माळ, कोरडी नदीपात्रे आणि पावसाकडे डोळे लावून बसलेली शेते उभी राहतात. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. बालाघाटच्या डोंगररांगा या जिल्ह्यात दूरवर पसरल्या आहेत. त्यांच्या कुशीतून सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा या नद्या वाहतात. जेथे पाऊस बेभरवशाचा असतो, तेथे आलेले पाणी अडवून ठेवण्यावाचून माणसाला गत्यंतर नसते. म्हणूनच या जिल्ह्यात लहानमोठ्या तळ्यांची संख्या मोठी आहे. बीडजवळ पालीचा बिंदुसरा तलाव आहे, केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे आणि सिंदफणेवर माजलगावचा विस्तीर्ण जलाशय आहे. यांखेरीज गावोगावचे पाझर तलाव आहेत. १९७२ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून महाराष्ट्रात असे पुष्कळ तलाव खोदले गेले.

पावसाळा सरला, की या तळ्यांचे रूप पालटते. पाणी निवळते. काठच्या गवतावर तुरे येतात. पाणकावळे ओल्या पंखांना ऊन देत बसतात, आणि थंडीबरोबर दूरच्या प्रदेशातून चक्रवाकांच्या जोड्या पाण्यावर उतरतात. अशा वेळी तळ्याकाठी पायी हिंडण्यासारखा दुसरा आनंद नाही.

परंतु या आनंदाला एक अडचण आहे. तळ्यांकडे जाणारे रस्ते पुष्कळदा अरुंद असतात. काही ठिकाणी एका बाजूला डोंगराचा कडा व दुसऱ्या बाजूला दरी असते. धारूरहून तेलगावकडे उतरणारा घाट तर अरुंद आणि वळणावळणाचा म्हणून वर्षानुवर्षे ओळखला गेला आहे. त्यातच फिरण्याला उत्तम असे जे हिवाळ्याचे दिवस, तेच साखर कारखान्यांच्या हंगामाचेही दिवस. जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी घराबाहेर पडलेली असतात. रस्त्यांवरून उसाने शिगोशीग भरलेले ट्रॅक्टर एकामागे एक दोन ट्रॉल्या ओढीत चाललेले असतात. ट्रॉलीबाहेर ऊस लोंबत असतो. मागचे पुढच्याला दिसत नाही. अशा रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याचे सारे लक्ष वाहनांकडे लागते. तो तळ्याकाठी जाऊन येतो, पण तळे काही त्याला दिसत नाही. म्हणून सहलीची वाट निवडताना पहिला नियम हा, की जेथे डोळे मोकळे राहतील तीच वाट चांगली. मग ती थोडी लांबची का असेना.

अशी वाट घरबसल्या शोधता येते. त्यासाठी स्थलनिर्देशक नकाशा लागतो. भारतीय सर्वेक्षण विभाग हे असे नकाशे तयार करणारे आपल्या देशाचे खाते होय. त्याची स्थापना १७६७ साली झाली. या खात्याच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटिमीटर अंतर म्हणजे जमिनीवरचे १ किलोमीटर. नकाशावर तपकिरी रंगाच्या नागमोडी रेषा काढलेल्या असतात. त्यांना समोच्च रेषा म्हणतात. एका रेषेवरील सर्व ठिकाणांची उंची सारखी असते, आणि एका रेषेपासून पुढच्या रेषेपर्यंत २० मीटरांचा चढ किंवा उतार असतो. रेषा दाटीवाटीने आल्या, की तेथे कडा अथवा तीव्र उतार आहे असे समजावे. त्या विरळ झाल्या, की जमीन सपाट आहे असे जाणावे. दाट रेषांमधून एखादा रस्ता वळसे घेत जाताना दिसला, तर तो घाटाचा रस्ता होय. पायी चालण्यासाठी तो वगळावा आणि विरळ रेषांमधून जाणारी गाडीवाट किंवा पाऊलवाट शोधावी.

वाट सापडली, की तिची लांबी मोजावी. वाकड्यातिकड्या वाटेवर पट्टी चालत नाही. तिच्यावरून एक दोरा वळणे घेत नेऊन ठेवावा आणि मग तो सरळ करून मोजावा. समजा, दोरा १६ सेंटिमीटर भरला. तर वाट ८ किलोमीटरांची झाली. आता तिला वेळ किती लागेल? स्कॉटलंडमधील विल्यम नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ साली यासाठी एक सोपा ठोकताळा सांगितला. तो सध्याच्या मापांत असा मांडता येईल : दर ५ किलोमीटरांस एक तास धरावा आणि दर ६०० मीटर चढणीसाठी आणखी एक तास मिळवावा. वरील वाटेवर १२० मीटरांचा चढ असेल, तर चालण्याची ९६ मिनिटे आणि चढाची १२ मिनिटे, अशी एकूण १०८ मिनिटे होतात. पण हा हिशेब सराईत माणसाचा आहे. मुलांच्या तुकडीने त्यात निम्म्याची भर घालावी. म्हणजे १६२ मिनिटे होतील. शिवाय बसण्यासाठी, खाण्यासाठी आणि पाहण्यासाठी तासभर राखून ठेवावा. एवढ्याने पावणेचार तासांची सहल झाली. सकाळी सातला निघालेली तुकडी ऊन तापण्यापूर्वी, पावणेअकराच्या सुमारास परत येईल.

तरीही केवळ नकाशावर भिस्त ठेवता येत नाही. नकाशात बारमाही पाणी निळ्या रंगाने आणि कोरडे पडणारे ओढे काळ्या रेषेने दाखवितात. बीडसारख्या जिल्ह्यात मात्र नकाशावरचे निळे तळे प्रत्यक्षात कोरडे आढळू शकते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले, आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पोहोचवावे लागले. याच्या उलटही घडते. ज्या बिंदुसरेचे पात्र एरवी सहज ओलांडता येते, तिला २३ जुलै १९८९ रोजी महापूर आला आणि बीड शहरात हाहाकार उडाला. म्हणून काळ्या रेषेचा ओढाही पावसाळ्यात ओलांडण्याचा बेत करू नये. निघण्यापूर्वी त्या गावच्या माणसाला विचारावे. तळ्यात पाणी किती आहे, कोणत्या काठाला दलदल आहे, कोणत्या रस्त्याने उसाची वाहतूक चालते, हे गुराख्याला आणि शेतकऱ्याला जितके ठाऊक असते, तितके कोणत्याही नकाशाला नसते.

राहिला प्रश्न घाटाचा. तळे घाटापलीकडेच असेल तर काय करावे? याचे उत्तर इंग्लंडमधील एका गृहस्थाच्या उदाहरणावरून मिळते. त्या देशाच्या वायव्य भागात डोंगर आणि सरोवरे यांनी भरलेला एक प्रसिद्ध प्रदेश आहे. तेथेही अरुंद रस्त्यांची अडचण आहेच. हार्डनॉट नावाच्या खिंडीतील रस्ता जेमतेम एका गाडीपुरता असून काही जागी तीन फुटांस एक फूट असा चढतो. याच प्रदेशातील केंडल गावी आल्फ्रेड वेनराइट हे नगरपालिकेत हिशेबाचे काम पाहत. सुट्टीच्या दिवशी ते डोंगरांत भटकत. १९५५ ते १९६६ या काळात त्यांची सात मार्गदर्शक पुस्तके प्रसिद्ध झाली. त्यांतील अक्षरे आणि चित्रे त्यांनी स्वतःच्या हाताने काढली होती. विशेष असे, की त्यांना मोटार चालविता येत नव्हती. ते सार्वजनिक बसने जात, डोंगराच्या पायथ्याशी उतरत, दिवसभर चालत आणि परतीची बस गाठून घरी येत.

ही रीत बीड जिल्ह्यालाही लागू पडते. घाट एस. टी. ने पार करावा आणि चालणे पलीकडच्या सपाटीवर सुरू करावे. परतीच्या गाडीची वेळ आधी लिहून घ्यावी आणि तिच्यापासून उलटा हिशेब करून निघण्याची वेळ ठरवावी. थोडे अंतर रस्त्यानेच जावे लागले, तर एकामागे एक अशा रांगेत, रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे; म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते. रांगेच्या पुढे आणि मागे एकेक मोठे माणूस असावे. आंधळ्या वळणावर क्षणभरही थांबू नये.

तळ्याच्या काठावर पोहोचल्यावर आणखी एका गोष्टीचे भान राखावे लागते. पाणी ओसरते तसा काठचा गाळ उघडा पडतो. तो वरून वाळलेला दिसला, तरी आत पाय रुततो. म्हणून तेथे उतरू नये. काही ठिकाणी शेतकरी त्या ओलीवर पिके घेतात. या शेतीला गाळपेर म्हणतात. तिच्यातून पायवाट पाडू नये. धरणाच्या सांडव्याजवळ खेळू नये. पाण्यात कागद किंवा उरलेले अन्न टाकू नये. माजलगावच्या जलाशयाचे पाणी बीड शहरातील घरांपर्यंत जाते. काठावर उभा असलेला मुलगा ज्या पाण्यात दगड भिरकावतो, तेच पाणी उद्या कोणाच्या तरी माठात भरले जाणार असते.

सहल ही घरापासून तळ्यापर्यंत आणि तळ्यापासून पुन्हा घरापर्यंत असते. घरी सुखरूप परतणे हा तिचा शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग होय. ज्याने आदल्या रात्री नकाशावर दोरा फिरविला, गावच्या माणसाला चार प्रश्न विचारले आणि अवघड रस्ता सोडून लांबची वाट पत्करली, त्याला कोणी भित्रा म्हणू नये. चक्रवाकांची जोडी पाण्यावरून उडाली, तेव्हा वर पाहण्याइतकी उसंत त्यालाच मिळालेली असते.