क्षमा झाल्याची खात्री

देवाने आपली पापे क्षमा केली आहेत आणि आपल्याला जवळ केले आहे, हे माणसाला जिवंतपणीच खात्रीने कळू शकते, असे अनेक ख्रिस्ती पंथ मानतात. मराठी मंडळ्यांत याला ‘तारणाची खात्री’ म्हणतात. ती माणसाच्या पुण्याईवर उभी नसते. येशू ख्रिस्ताने वधस्तंभावर पापांचे प्रायश्चित्त केले आणि त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्याला देव नीतिमान ठरवतो, हा तिचा पाया आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात तिला आणखी एक आधार दिला आहे: विश्वासणारा देवाचे मूल आहे, अशी साक्ष पवित्र आत्मा त्याच्या अंतःकरणात देतो.

शिकवण एवढी स्पष्ट असली तरी ती मनात उतरणे सोपे नाही. मार्टिन ल्यूथर १५०५ मध्ये एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाले. उपास, जागरणे, तासन्तास चालणारी पापकबुली, यांतले काहीच त्यांनी सोडले नाही. तरी एखादे पाप सांगायचे राहून गेले असेल, ही धास्ती सुटेना. देव जे नीतिमत्त्व मागतो ते तोच विश्वासाच्या द्वारे दान म्हणून देतो, हे त्यांना रोमकरांस पत्र अभ्यासताना उमगले आणि त्यांच्या जिवाला स्वस्थता लाभली.

रोमन कॅथलिक चर्चने जानेवारी १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेत या खात्रीला मर्यादा घातली. देवाच्या दयेविषयी शंका नको. पण आपल्याला कृपा मिळालीच आहे, यात चूक संभवतच नाही, असे कोणी म्हणू नये, असा तो निर्णय होता. प्रॉटेस्टंटांमध्येही मतभेद राहिलेच. १६४६ मध्ये पूर्ण झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारानुसार खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्री मिळायला फार काळ लागू शकतो, आणि मिळालेली खात्री डळमळूही शकते. शंकेने पोळलेल्या कितीतरी भाविकांना या कलमाने धीर दिला असेल.

जॉन वेस्ली यांच्या आयुष्यात हा प्रश्न फार तीव्रतेने उभा राहिला. ऑक्सफर्डला शिकलेले, दीक्षा घेतलेले, तुरुंगात कैद्यांना भेटायला जाणारे हे धर्मगुरू जहाजाने अमेरिकेतील जॉर्जियाला निघाले होते. जानेवारी १७३६ मध्ये समुद्र खवळला, लाटेने मुख्य शीड फाटले, पाणी डेकवर आले. इंग्रज प्रवासी किंचाळू लागले. जर्मन मोरेव्हियन पंथाचे प्रवासी मात्र स्तोत्र गातच राहिले. तुमच्या बायकामुलांनाही भीती वाटली नाही का, असे वेस्लींनी नंतर विचारले, तर त्यांना मरणाचे भय नाही, असे उत्तर मिळाले. जॉर्जियात स्पांगेनबर्ग या मोरेव्हियन पुढाऱ्याने त्यांना थेटच विचारले: ख्रिस्ताने तुमचे तारण केले आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? तशी आशा आहे, यापलीकडे वेस्लींना काही सांगता आले नाही.

पुढे लंडनमध्ये ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत, २४ मे १७३८ च्या संध्याकाळी, कोणीतरी रोमकरांस पत्रावरची ल्यूथर यांची प्रस्तावना वाचत होते. ऐकता ऐकता वेस्लींच्या हृदयात ऊब दाटली, आणि ख्रिस्ताने आपली, स्वतःची, पापे दूर केली आहेत, असा भरवसा त्यांना वाटला. त्यानंतरही त्यांच्या रोजनिशीत शंका डोकावतात. ज्याला खात्री नाही त्याला क्षमाच नाही, हे आपले सुरुवातीचे मत त्यांनी उतारवयात सौम्य केले. या प्रामाणिकपणामुळे त्यांची साक्ष अधिकच विश्वसनीय वाटते.

महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंचे उदाहरण याच जातीचे आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. पण आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, प्रत्यक्ष ख्रिस्त मात्र अजून लाभलेला नाही, हे त्यांना जवळपास आठ वर्षांनी जाणवले. त्या वेळी त्या शारदा सदन ही स्त्रियांसाठीची संस्था चालवत होत्या. त्यांच्या हातून मोठे काम होत होते. स्वतःच्या प्रवचनाच्या वेळीच परिवर्तन झालेले इंग्रज धर्मगुरू विल्यम हॅस्लम यांचे आत्मकथन त्यांनी वाचले. सत्कृत्यांचा हिशेब बाजूला ठेवून, आहोत तशा ख्रिस्तापुढे यावे, हे त्यांना तेव्हा पटले. १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या साक्षीत त्यांनी हा प्रवास मोकळेपणाने सांगितला आहे.

ट्रेंटच्या निर्णयानंतर शतके लोटल्यावर कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे, देव माणसाला नीतिमान ठरवतो या शिकवणीवरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्यात खात्रीवर स्वतंत्र विभाग आहे: विश्वासणाऱ्याने स्वतःकडे पाहिले तर काळजी वाटेलच, पण देवाच्या वचनावर तो विसंबू शकतो, यावर दोघांचे एकमत झाले. वेस्लींच्या परंपरेतील जागतिक मेथडिस्ट परिषदेने २००६ मध्ये या घोषणापत्राला संमती दिली.