कंपवाताची वाट पोटातून?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

शहागंजात आमच्या बडे अब्बांचे, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचे, किराणा-मसाल्याचे छोटे दुकान होते. हिशेबाची वही ते उर्दूत लिहीत. अक्षर मोठे, मोकळे. एका वर्षअखेरीला जुन्या वह्या बांधून ठेवताना माझ्या लक्षात आले, की त्यांचे अक्षर बारीक होत चालले आहे. ओळीच्या सुरुवातीला बरे असे आणि शेवटाकडे जाता जाता मुंगीएवढे होई. आम्हाला वाटले, चष्म्याचा नंबर बदलला असेल. पुढे काही महिन्यांनी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी बसल्या जागी थरथरू लागली. पाहणाऱ्याला वाटावे, तसबीहचे मणी ओढताहेत.

मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी हात पाहिला, चालायला लावले, कागदावर चार ओळी लिहून घेतल्या. मग विचारले, "पोट साफ होते का? आणि होत नसेल, तर केव्हापासून?"

आम्ही चकित झालो. दुखणे हाताचे आणि प्रश्न पोटाचा! पण बडी अम्मींनी लगेच सांगितले, "दहा-बारा वर्षं झाली की. रात्री इसबगोल घेतल्याशिवाय यांचं चालत नाही. वासही येत नाही म्हणतात. दुकानात शहाजिरं नवं की जुनं, ते मुलाला विचारतात."

निदान झाले पार्किन्सनचे. आयुर्वेदात ज्याला कंपवात म्हणतात, त्याच्याशी हा आजार बराच जुळतो. श्रोतेहो, डॉक्टरांनी विचारलेल्या त्या प्रश्नामागे काय आहे, हे मी पुढे वाचून, विचारून समजून घेतले. तेच आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

आधी आजार म्हणजे काय ते पाहू. आपल्या मेंदूच्या तळाशी काळसर रंगाच्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. हात उचलणे, पाऊल टाकणे, वळणे, या हालचाली सुरळीत होतात त्या या डोपामिनमुळे. या पेशी हळूहळू मरू लागल्या की हालचाली मंदावतात, अंग ताठरते, हात थरथरतो, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. लक्षणे दिसू लागतात तोवर यातल्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात.

हा आजार आपल्याकडे नवा नाही आणि फार दुर्मिळही नाही. मुंबईच्या पारशी समाजात डॉ. भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली होती. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत १४,०१० लोकांमध्ये ४६ जणांना पार्किन्सन आढळला, म्हणजे लाखामागे सुमारे ३२८. त्या समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे आहे, हे त्याचे एक कारण. आता आयुर्मान सगळ्यांचेच वाढते आहे, तेव्हा हा आकडा केवळ एका समाजाचा म्हणून बाजूला ठेवता येणार नाही.

आता पोटाकडे वळू. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो, त्या लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली लिहिलेल्या निबंधातच रुग्णांच्या मलावरोधाची नोंद केली होती. मात्र पुढे दीडशेहून अधिक वर्षे सगळ्यांचे लक्ष हाताच्या कंपाकडे राहिले. हवाई बेटांवर सुमारे ६,८०० मध्यमवयीन आणि वृद्ध पुरुषांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. तिचे निष्कर्ष २००१ साली आले. रोज शौचाला न होणाऱ्यांमध्ये पुढे पार्किन्सन होण्याचे प्रमाण, रोज एकदा होणाऱ्यांच्या तुलनेत, पावणेतीन पटींच्या आसपास होते.

इथे घाबरून जाऊ नका. मलावरोध घरोघरी असतो आणि त्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. अर्थ एवढाच, की ज्यांना तो होतो त्यांच्यातल्या अनेकांचे पोट हाताच्या आधी, कधी कधी दहा-वीस वर्षे आधी, मंदावलेले असते.

असे का व्हावे? आपल्या अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचे मोठे जाळे आहे. अन्न पुढे ढकलण्याचे काम ते मेंदूला फारसे न विचारता करते. या जाळ्याला मेंदूशी जोडणारी एक लांब नस आहे, तिचे नाव व्हेगस. तिच्यातले बहुतेक तंतू पोटाकडची खबर वर मेंदूकडे नेतात.

पार्किन्सनच्या रुग्णाच्या मेंदूपेशींत प्रथिनाच्या गुठळ्या सापडतात. १९१२ साली फ्रेडरिक लेवी या जर्मनीतल्या संशोधकाने त्या प्रथम पाहिल्या. त्यात मुख्यतः अल्फा-सिन्युक्लीन नावाचे प्रथिन असते, हे १९९७ साली कळले. तशाच गुठळ्या आतड्याच्या मज्जातंतूंतही सापडतात. त्यावरून हायको ब्राक या जर्मन शास्त्रज्ञाने २००३ साली एक तर्क मांडला. आजाराची सुरुवात बहुधा नाकात आणि पोटात होत असावी, आणि पोटातून ती व्हेगसच्या वाटेने वर चढत मेंदूपर्यंत पोहोचत असावी. बडे अब्बांचा गेलेला वास आणि तुंबलेले पोट, दोन्हींचा या तर्कात मेळ बसतो.

या तर्काला काही आधार मिळाले. पूर्वी पोटातल्या अल्सरवर उपाय म्हणून शस्त्रक्रियेत व्हेगस नस कापत. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये अशा रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्यांची नस पूर्ण कापली होती त्यांच्यात पार्किन्सनचे प्रमाण काहीसे कमी असल्याचे संकेत मिळाले. २०१६ साली कॅलिफोर्नियात उंदरांवर प्रयोग झाले. या आजाराकडे कल असलेल्या उंदरांना पोटात एकही जंतू नसलेल्या अवस्थेत वाढवले, तर त्यांची लक्षणे सौम्य राहिली. पार्किन्सनच्या रुग्णांच्या पोटातले जंतू त्यांना दिले, तेव्हा लक्षणे वाढली. निरोगी माणसांच्या जंतूंनी तेवढी वाढली नाहीत.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. शिवाय सगळ्या रुग्णांचा आजार पोटातूनच सुरू होतो असेही नाही. काहींच्या बाबतीत तो मेंदूतच सुरू होतो, असे आज अनेक संशोधक मानतात. त्यामुळे "पोट सुधारा, पार्किन्सन बरा होईल" असे कोणी सांगत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. अमुक खाल्ल्याने हा आजार बरा होतो, असे आजवर सिद्ध झालेले नाही.

मग पोटाचा आणि जेवणाचा उपयोग कुठे? तो आहे औषधात, आणि तिथेच आमच्या घरात चूक झाली.

पार्किन्सनवरचे मुख्य औषध लेवोडोपा. मेंदूत गेल्यावर त्याचे डोपामिन होते. ते आले १९६० च्या दशकात. बडे अब्बांना सुरुवातीचा काही काळ त्याने छान उतार पडला. मग मात्र ते कुरकुर करू लागले. सकाळची गोळी लागू पडते, दुपारची पडत नाही. दुपारी नमाजला उठताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत. "गोली नक्को अब, असरच नइ," म्हणून ते बाजूला सारू लागले. आम्हीही समजलो, आजार वाढला.

डॉक्टरांनी विचारले, "दुपारची गोळी कशाबरोबर घेता?" जेवणाबरोबर, आणि वरून पेलाभर दूध. पोटाला जड पडू नये, म्हणून ही बडी अम्मींची काळजी.

गंमत अशी, की लेवोडोपा रक्तात शिरतो तो लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून, आणि शिरण्यासाठी त्याला जे दार लागते, त्याच दारातून प्रथिनांचे घटकही आत जातात. दूध, मटण, अंडी, वरण पोटात असले की दारात गर्दी होते आणि औषध मागे राहते. रक्तातून मेंदूत शिरतानाही हीच चढाओढ असते. त्यात या आजारात जठर सावकाश रिकामे होते. गोळी जठरात पडून राहिली, तर आतड्यापर्यंत पोहोचणार कधी? २०१९ साली आणखी एक गोष्ट कळली. आतड्यातले काही जंतू लेवोडोपा मेंदूपर्यंत जाण्याआधीच स्वतः फस्त करतात. एकाच मात्रेचा गुण दोन माणसांना वेगवेगळा का येतो, याचे एक कारण हेही असू शकेल.

तेव्हा गोळी जेवणाआधी साधारण अर्धा तास किंवा जेवणानंतर तास-दीड तासाने, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. रिकाम्या पोटी मळमळत असेल, तर एखादे बिस्किट किंवा केळे चालते. लोहाची गोळी चालू असेल, तर तिच्यात आणि या गोळीत अंतर ठेवायचे, कारण लोहही लेवोडोपाला अडवते. एवढे केल्यावर बडे अब्बांचे दुपारचे पाय पुष्कळ मोकळे झाले.

पण उत्साहाच्या भरात आम्ही दुसरी चूक केली. प्रथिने वैरी आहेत असे समजून त्यांचे वरण, अंडे, दूध, मटण सगळेच बंद केले. तीन महिन्यांत माणूस वाळला, कुर्ता अंगावर लोंबू लागला. या आजारात वजन तसेही घटते. स्नायू गेले की तोल जातो, पडण्याची भीती वाढते. वृद्धाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे एक ग्रॅम प्रथिन हवेच. डॉक्टर रागावले. प्रथिने बंद करायची नव्हती, फक्त त्यांची वेळ सांभाळायची होती. ज्यांना दिवसा औषधाचा गुण कमी-जास्त होतो, त्यांनी प्रथिनांचा मोठा भाग रात्रीच्या जेवणात घ्यावा, तोही डॉक्टरांना विचारून. आजाराच्या सुरुवातीला बहुतेकांना एवढीही कसरत करावी लागत नाही.

बद्धकोष्ठतेचा इलाज मात्र आपल्या ताटातच आहे. ज्वारीची भाकरी, मेथी, शेपू, अंबाडी, पेरू, अंजीर, भिजवलेले मनुके यांत भरपूर चोथा असतो. पण चोथ्याला पाणी लागते. आपल्याकडचा उन्हाळा आपण जाणतोच, आणि म्हातारी माणसे वारंवार उठावे लागते म्हणून पाणीच पीत नाहीत. पाण्याशिवाय इसबगोल उलट बसतो. रोज थोडे चालणेही हवे. पोट साफ राहिले की औषधही वेळेवर कामाला लागते.

एक इशारा खाजकुहिलीविषयी. हिच्या बियांत लेवोडोपा असतो, हे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या शास्त्रज्ञांनी १९३७ साली दाखवले. म्हणजे कंपवातासाठी तिचे नाव घेणारे आपले वैद्य उगाच बोलत नव्हते. पण नेमक्या याच कारणाने तिचे चूर्ण स्वतःच्या मनाने घेऊ नये. गोळीतही लेवोडोपा आणि चूर्णातही तोच, म्हणजे मात्रा दुप्पट होण्याची भीती. चूर्णात तो किती आहे, हे पुडीवरून कळत नाही. घेत असाल, तर डॉक्टरांपासून लपवू नका.

आमच्याकडे सर्वांत अवघड प्रश्न रमजानचा होता. बडे अब्बांनी लहानपणापासून रोजा चुकवला नव्हता. आता दिवसातून चार वेळा गोळी. ती अचानक थांबवली, तर अंग लाकडासारखे ताठ होते, ताप चढतो, जिवावर बेतू शकते. आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे, हे त्यांना ठाऊक होते, पण मन मानत नव्हते. आमच्या मोहल्ल्यातले इमामसाहेब घरी आले, शेजारी बसले आणि म्हणाले, "सवलत घेणं हेही हुकूम मानणंच आहे." त्या वर्षी बडे अब्बांनी रोज्यांच्या बदल्यात गरिबांना जेवण दिले आणि इफ्तारला सगळ्यांबरोबर दस्तरखानावर बसले. एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार करणाऱ्या घरांतही हा प्रश्न येतो. उत्तर तेच आहे, आधी डॉक्टरांना विचारा.

ज्यांच्या घरी हा आजार आहे, त्यांनी एकटे राहू नये. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे रुग्ण आणि त्यांच्या घरचे एकत्र भेटतात, अनुभव सांगतात. मुंबईतही अशी संस्था आहे. गोळी कशाबरोबर घ्यावी यासारख्या गोष्टी अशा ठिकाणी लवकर कळतात. आम्हाला त्या कळायला दीड वर्ष लागले.

आणि ज्यांच्या घरी नाही, त्यांच्यासाठी एवढेच. घरातल्या वडीलधाऱ्यांना वास येईनासा झाला, पोट वर्षानुवर्षे तुंबलेले आहे, झोपेत ते ओरडतात, हातपाय झाडतात, अक्षर बारीक होते आहे, चालताना एक हात हलत नाही, अशा दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. तपासून घ्या.

बडे अब्बा त्यानंतर नऊ वर्षे होते. शेवटची दोन वर्षे सोडली, तर रोज संध्याकाळी तासभर दुकानात जाऊन बसत. भिंतीवरच्या घड्याळाखाली बडी अम्मींनी एक पाटी टांगली होती, गोळीची वेळ वेगळी आणि जेवणाची वेळ वेगळी. ती पाटी अजून तिथेच आहे.