जखमा न झाकणारी उपकारस्तुती

1863 चा जुलै महिना. गेटिसबर्गच्या रणांगणावर तीन दिवसांत मारले गेलेले, जखमी आणि बेपत्ता सैनिक मिळून आकडा 50 हजारांच्या घरात गेला. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपायची चिन्हं नव्हती. अशात 3 ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी जाहीर केलं, की नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार साऱ्या देशाने देवाचे उपकार मानण्यासाठी राखून ठेवावा. सारा जोसेफा हेल या एका मासिकाच्या संपादिका त्यासाठी अनेक वर्षं लेखणी झिजवत होत्या. पुढे 1941 मध्ये कायद्याने चौथा गुरुवार ठरला. हाच आजचा ‘थँक्सगिव्हिंग’.

घरोघरी सुतक असताना कसले उपकार मानायचे?

उत्तराचा धागा त्या जाहीरनाम्यातच सापडतो. त्यात पिकलेल्या शेतांचा आणि खाणींच्या उत्पन्नाचा उल्लेख आहे. सोबतच विधवा, अनाथ आणि शोकात बुडालेल्यांना देवाच्या हवाली करायला सांगितलं आहे. राष्ट्राच्या अपराधांबद्दल पश्चात्तापही मागितला आहे. उपकारस्तुती आणि पश्चात्तापाची ही सांगड ख्रिस्ती श्रद्धेला धरूनच आहे. प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं ते तुरुंगातून, आणि अभिवादन होताच तो देवाचे आभार मानू लागतो. ख्रिस्ती माणूस दुःखाबद्दल आभार मानत नाही. दुःखातही देवाने साथ सोडलेली नाही, याबद्दल मानतो.

लूकच्या शुभवर्तमानात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो. परत येऊन उपकार मानतो तो एकटाच, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. थँक्सगिव्हिंगच्या कथेतही परक्यांचा वाटा मोठा आहे. 1620 मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या 102 प्रवाशांपैकी जवळपास निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले. उरलेल्यांना मका लावायला शिकवलं ते टिस्क्वांटम या मूलनिवासी माणसाने. 1621 च्या सुगीनंतर वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मासासोइट सुमारे 90 माणसं घेऊन या प्रवाशांच्या प्लिमथ वसाहतीत आला. त्यांनी पाच हरणं मारून आणली आणि तीन दिवस सगळे एकत्र जेवले.

हा स्नेह टिकला नाही. 1676 मध्ये मासासोइटचा मुलगा मेटाकॉम वसाहतवाल्यांविरुद्धच्या युद्धात मारला गेला आणि त्याचं शिर प्लिमथमध्ये खांबावर लावण्यात आलं. 1970 पासून मूलनिवासी लोक थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात. जेवायला बसण्याआधी प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाने हा शोकही ऐकायला हवा. लिंकन यांनी मागितलेला पश्चात्ताप इथेही लागू पडतो.

सुगीचे उपकार मानण्याची रीत अमेरिकेपुरती नाही. मुंबईचा ईस्ट इंडियन हा ख्रिस्ती समाज ऑक्टोबरात ‘आगेरा’ साजरा करतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणून त्यांवर आशीर्वाद मागितला जातो. गावठाणांभोवतीची शेतं इमारतींखाली गेली, तरी हा सण चालू आहे.

बायबलमध्ये सुगीच्या सणांना एक अट जोडलेली आहे. लेवीयच्या 23 व्या अध्यायात या सणांचे नियम सांगता सांगताच शेतकऱ्याला बजावलं आहे, की शेत कडेपर्यंत कापू नकोस. राहिलेलं पीक गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोड. अमेरिकेतली अनेक चर्चेस नोव्हेंबरमध्ये धान्य आणि डबाबंद अन्न गोळा करून गरजूंना वाटतात, बेघरांना जेवू घालतात. हे काम उपासनेइतकंच उपकारस्तुतीचा भाग आहे.