कुत्र्याची मालिश आणि आपले हात

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करणाऱ्या आपल्या मुलखात जनावराला चोळणे नवे नाही. त्यामुळे अहमदपूरकडच्या एका शेतकऱ्याने दवाखान्यात विचारले, "डॉक्टरसाहेब, आमचं म्हातारं कुत्रं सकाळी उठताना मागचे पाय आखडून घेतं. माझ्या गुडघ्याचं मलम त्याला चोळलं तर चालंल का?" तेव्हा मला हसू आले नाही. मी माणसांचा डॉक्टर. पण या प्रश्नाचे निम्मे उत्तर माझ्याही शास्त्रात आहे, म्हणून लिहितो.

त्याला मी विचारले, त्रास कधीपासून? दोन वर्षे, हळूहळू वाढलेला, थोडे चालले की पाय मोकळे होतात. खातेपिते, दरवर्षी लस टोचलेली. म्हणजे माणसाला होते तशी सांध्यांची झीज असावी. अशा कुत्र्याला मालिश जरूर करावी. सांधा दुखू लागला की भोवतीचे स्नायू ताठ होतात आणि तो ताठपणाच वेगळा दुखू लागतो. हाताच्या उबेने आणि दाबाने तो सैल होतो. झीज मात्र भरून येत नाही, हे लक्षात ठेवावे.

आपल्या नांदेड-लातूर भागात कारवानी आणि पश्मी कुत्री हौसेने पाळतात. माळेगावच्या यात्रेत घोड्या-गाढवांबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन भरते. ही कुत्री सडपातळ, अंगावर चरबी नाही, हाड कातडीला लागलेले. त्यांना तालमीतला रगडा सोसत नाही. कुत्र्याला एका कुशीवर पडू द्यावे. मानेपासून शेपटीकडे, केसांच्या दिशेने, कण्याच्या दोन्ही बाजूंनी तळहात फिरवावा. कण्यावर दाब देऊ नये. मांडीच्या मांसल भागावर बोटांनी हलके गोल चोळावे. पाच ते दहा मिनिटे पुरे. कुत्र्याने अंग चोरले, वळून हाताकडे पाहिले किंवा गुरगुरले तर लगेच थांबावे. दुखणारे कुत्रे मालकालाही चावते. लहान मुलांवर हे काम सोपवू नये.

तेल लावू नये. केसांत धूळ बसते आणि कुत्रे ते चाटून काढते. मलमाचे तर नावच नको. डायक्लोफिनॅकचे मलम चाटले की औषध पोटात जाते. त्याने जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आयबुप्रोफेनच्या गोळीचेही तेच. घरात उरलेली अर्धी गोळी भाकरीत घालून देण्याची सवय फार वाईट. (जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर सरकारने २००६ साली बंदी घातली, ती गिधाडांमुळे. औषध दिलेले मेलेले जनावर खाऊन गिधाडे मेली.)

मालिशचा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. रोज हात फिरला की कानामागची गोचीड, पंजातले कुसळ, नवी गाठ लवकर हाताला लागते. गोचीड नखाने चिरडू नये, चिमट्याने ओढून काढावी. गाठ, सुजलेला गरम सांधा किंवा मोडलेले हाड असेल तर तिथे चोळू नये.

आता महत्त्वाचे. कालपर्यंत धावणारे कुत्रे एकाएकी मागचे पाय ओढू लागले, लाळ गळू लागली, आवाज बदलला, जबडा लोंबला, तर त्याला हात लावू नका. पिसाळलेले कुत्रे अंगावर धावतेच असे नाही. रेबीजचा एक प्रकार असा मुका, लुळेपणाचा असतो. लोकांना वाटते पाठीत मार बसला, आणि घरातले कोणी मायेने पाय चोळत, तोंडात पाणी घालत बसते. लाळेत विषाणू असतो आणि शेतकऱ्याच्या हातावर खरचटलेले कुठे ना कुठे असतेच. चावा झाला नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो.

अशी लाळ जखमेला लागली, ओरखडा उठला किंवा दात लागला, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावे. हळद, तिखट, चुना काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. लस तिथे मोफत मिळते. जखम असेल तर सीरमही लागते, ते डॉक्टर ठरवतील. जुन्या लोकांच्या मनात पोटातल्या १४ इंजेक्शनांची भीती अजून आहे. ती लस केव्हाच बंद झाली. आता दंडात थोड्याच सुया लागतात. रेबीजची लक्षणे सुरू झाल्यावर मात्र आमच्या हाती काही उरत नाही.

कुत्र्याची तपासणी आणि दरवर्षीची लस गावाजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात करून घ्यावी. लंगडणे अवघड वाटले तर उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे. जाताना त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला, घरातून कोणते औषध दिले, हे न लपवता सांगावे.